ग्रॅमर, ग्लॅमर आणि शेवटचा बाक

माझी लिपस्टिक शेवटच्या बाकावरून दिसायला हवी. रंग निवडताना मी आरसा हातभर लांब धरते, डोळे किंचित बारीक करते आणि ओठांची कड अजून नीट कळतेय का ते बघते. चकाकणारा रंग घेत नाही, कारण त्यावर उजेड पडला की ओठांचा आकारच हरवतो. त्वचेत मिसळून जाणारा फिकट रंग तर नाहीच नाही. विटकरी किंवा जांभळट लाल, मॅट, दाताला न लागणारा आणि तासभर बोलूनही टिकणारा, असा एकच प्रकार मी गेली कित्येक वर्षं वापरतेय.

याचं कारण इंग्रजीतले दोन 'व' आहेत. 'व्हेरी वेल' म्हणताना आपण मराठी बोलणारे दोन्हीकडे तोंडाची जवळपास एकच हालचाल करतो. इंग्रजीत 'व्हेरी'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा त्या फटीतून घासत बाहेर पडते. 'वेल'साठी दातांचं काही काम नसतं. ओठ शिट्टी मारताना होतात तसे गोल होतात आणि मग उघडतात. हे वाक्य मी वर्गात दहा वेळा सांगून पाहिलंय, त्याने काही होत नाही. पण मी शांतपणे फक्त ओठ हलवले आणि 'ओळखा, कोणता व?' असं विचारलं की चाळीस डोकी पुढे झुकतात. खालच्या ओठाचा अर्धा रंग दातांखाली गेला म्हणजे पहिला. रंगाचं वर्तुळ झालं म्हणजे दुसरा. शेवटच्या बाकावरचं मूलसुद्धा ओळखतं.

त्यानंतर मी लहान आरसे वाटते. माझ्या टेबलाच्या खणात असे बारा आरसे आहेत, गोल, तळहाताएवढे, पावडरच्या जुन्या डब्यांमधून जपून काढलेले. दोघातिघांत एक. मुलं आपापले ओठ, दात, जीभ बघतात. 'थिन' म्हणताना जिभेचं टोक दातांपर्यंत येतं, ते पाहून पहिल्या दिवशी खूप हसतात आणि दुसऱ्या दिवशी बरोबर म्हणतात. कागदाची पट्टीही हवी. ती ओठांसमोर धरून 'पिन' म्हटलं की फडफडते, 'स्पिन' म्हटलं की जागची हलत नाही. इंग्रजीतला शब्दाच्या सुरुवातीचा 'प' असा श्वासाचा झोत घेऊन येतो, आपला 'प' येत नाही. म्हणून आपलं 'पिन' इंग्रजी कानाला कधीकधी 'बिन' वाटतं. हे पुस्तकात वाचून मला कळलं होतं, पण पटलं ते कागदाची पट्टी हलली तेव्हाच.

मी नवीन होते तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं होतं, "शिकवायला येता की मिरवायला?" मी तेव्हा काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी काजळ न लावता गेले, केस घट्ट बांधले, राखाडी कपडे घातले आणि दिवसभर असं वाटत राहिलं की कुणा दुसरीच्या जागेवर आपण बदली म्हणून आलोय. असे पाच-सहा महिने गेले. त्या काळात माझे तास वाईट झाले असं म्हणणार नाही, पण ते माझे नव्हते.

बाहेर पडले ती एका शब्दामुळे. तासाची तयारी करताना शब्दकोशात 'ग्लॅमर'ची व्युत्पत्ती पाहिली आणि मी खुर्चीत सरळ बसले. ग्लॅमर हा ग्रॅमरचाच बदललेला उच्चार आहे. मध्ययुगात 'ग्रॅमर' म्हणजे नुसती व्याकरणाची कोष्टकं नव्हती. लॅटिन शिकलेल्या माणसाची एकूण विद्या म्हणजे ग्रॅमर. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना या विद्येत मंत्रतंत्रही असणार असं वाटे. स्कॉटलंडमध्ये 18व्या शतकात त्या शब्दातला 'र' जाऊन 'ल' आला आणि अर्थ झाला जादू, नजरबंदी. सर वॉल्टर स्कॉट यांच्या लिखाणातून तो इंग्रजीत सर्वदूर पोचला. चेहऱ्याच्या, कपड्यांच्या मोहिनीशी तो जोडला गेला तो त्याही नंतर. म्हणजे मी जे शिकवते आणि ज्याबद्दल मला टोमणा मिळाला, ते दोन्ही एकाच आईच्या पोटचे. मी त्या सहकाऱ्यांना हे सांगायला गेले नाही. दुसऱ्या दिवशी काजळ लावून वर्गात गेले आणि फळ्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले, एवढंच.

माझा सगळ्यात आवडता तास त्यातूनच सुरू झाला. मी त्याला 'पर्सचा तास' म्हणते. टेबलावर पर्स उघडायची, एकेक वस्तू बाहेर काढायची आणि तिच्या शब्दाचा माग काढायचा.

काजळाची कांडी आधी. अरबीत डोळ्यांत घालायच्या बारीक पुडीला 'कुहल' म्हणतात आणि तिच्या आधी 'अल' लागलं की 'अल-कुहल'. हा शब्द युरोपात गेला तेव्हा त्याचा अर्थ बारीक वस्त्रगाळ पूड एवढाच होता. मग कुठल्याही पदार्थाचं शुद्ध केलेलं सार, मग वाइनचं सार, आणि शेवटी आज प्रयोगशाळेत बाटलीवर लिहिलेलं असतं ते अल्कोहोल. डोळ्यातलं काजळ आणि सॅनिटायझरमधलं अल्कोहोल यांचं नाव एक आहे हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी मला ती नवी वाटते.

मग शाम्पूचं छोटं पाकीट. हा आपल्या बाजूचा शब्द. हिंदीतल्या 'चाँपो'वरून, म्हणजे चेपा, दाबा. इंग्रजीत तो 18व्या शतकात अंग चोळून देणे या अर्थाने आला, केस धुण्याशी जोडला गेला 19व्या शतकात. पाटण्यात जन्मलेल्या साके दीन महोमेद यांनी ब्रायटनला वाफेचे स्नान आणि चंपीचं केंद्र चालवलं आणि ते इतकं गाजलं की त्यांना इंग्लंडच्या राजाचे 'शाम्पूइंग सर्जन' नेमलं गेलं. 'परफ्यूम'मध्ये धूर आहे, लॅटिनमध्ये 'धुरातून'. 'मस्कारा'त मुखवटा आहे. 'कॉस्मेटिक'मध्ये ग्रीकांचा 'कॉसमॉस', ज्याचा अर्थ सुव्यवस्था आणि शृंगारही. ग्रीकांनी विश्वालाही तेच नाव दिलं. माझा स्कार्फ टेक्स्टाइल आणि समोरचा धडा टेक्स्ट, दोन्ही लॅटिनमधल्या 'विणणे' या क्रियापदाचे. इथे मी स्कार्फ काढून मुलांच्या हातात देते. ताणा, बाणा बघा म्हणते. मग निबंधाच्या परिच्छेदाकडे वळते. कोणतं वाक्य उभा धागा आहे, कोणतं आडवं जातंय. 'परिच्छेद सुसंगत हवा' या सूचनेने जे होत नाही ते एक सैल पडलेला धागा ओढून दाखवल्यावर होतं.

'मेक अप'चाही एक वेगळा तास असतो. इंग्रजीतली ही जोडक्रियापदं मुलांना छळतात, कारण एकेका शब्दाचा अर्थ माहीत असूनही जोडीचा अर्थ हाती लागत नाही. 'मेक अप' म्हणजे रंगभूषा हे सगळ्यांना ठाऊक. पण मेक अप अ स्टोरी म्हणजे गोष्ट रचणं, मेक अप युअर माइंड म्हणजे मनाशी ठरवणं, मेक अप फॉर लॉस्ट टाइम म्हणजे गेलेला वेळ भरून काढणं, आणि भांडणानंतर दोघांनी मेक अप करणं म्हणजे पुन्हा बोलायला लागणं. मी चार कोपऱ्यांत चार अर्थ लिहिते, मुलं वाक्यांच्या चिठ्ठ्या घेऊन आपापला कोपरा शोधतात. एकदा दोन मुली आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघींच्या चिठ्ठ्या एकाच कोपऱ्यात गेल्या, भांडणाच्या. मी तसं मुद्दाम केलं होतं का असं नंतर विचारलं गेलं. हो, केलं होतं. त्या तासाला त्या बोलल्या नाहीत. शेजारी उभ्या मात्र राहिल्या.

सनस्क्रीनबद्दल मला विद्यार्थिनींच्या आयाही विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्या वर्गाच्या एका बाजूला सलग खिडक्या आहेत आणि मी त्या बाजूलाच जास्त उभी असते, कारण फळ्यावर तिरपा उजेड कुठून पडतो ते मला तिथून कळतं. साधी काच त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण बरेचसे अडवते, पण यूव्हीए किरणांपैकी बराच भाग आत येऊ देते. ते त्वचेत खोलवर जातात, तिला वेळेआधी म्हातारी करतात. म्हणून आपण आत आहोत, उन्हात नाही, हे समाधान खिडकीशेजारी उभ्या राहणाऱ्याच्या उपयोगाचं नाही. डबीवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे दोन्ही किरण अडवणारं, असं लिहिलंय का ते पाहायचं. आकड्याच्या मागे फार लागायचं नाही. एसपीएफ, म्हणजे यूव्हीबीपासूनच्या संरक्षणाचा आकडा, 30 असेल तर यूव्हीबीपैकी साधारण 97 टक्के अडतात, 50 असेल तर साधारण 98. खरा फरक पडतो तो आपण किती लावतो त्याने. ही मापं दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम लावून काढलेली असतात, आणि बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबीभर रेघ, एवढं चेहरा आणि मान यांना. मैदानावर जायचं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. बाकी माझ्या डबीत फार काही नाही. ग्लिसरीन असलेलं हातांचं क्रीम, कारण खडू बोटांतला ओलावा शोषून घेतो. पेट्रोलियम जेली ओठांसाठी आणि भेगाळलेल्या कोपरांसाठी. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून देते, उरला असला तरी. काजळ कुणाला देत नाही, कुणाचं घेत नाही. मुलींनाही हे सांगते, कारण डोळ्यांचा संसर्ग कांडीवरून सहज पसरतो.

सेंट मी बंद केलं. पहिल्या बाकावर एक मुलगा बसायचा. मी जवळ गेले की तो मान फिरवायचा आणि मला वाटायचं त्याला मी आवडत नाही. त्याला दमा होता. त्याने ते कधीच सांगितलं नाही, वैद्यकीय नोंदीतून कळलं. मी अर्धं वर्ष त्याला नाराज समजत होते.

रिकाम्या डब्या, खोकी, नळ्या मी मुलांना घरून आणायला सांगते. त्यांच्यावरचं इंग्रजी हा फार उत्तम पाठ आहे, कारण ते बारीक अक्षरांत आहे आणि काळजीपूर्वक लिहिलेलं आहे. सूचना पाहिल्या की आज्ञार्थ आपोआप येतो, अप्लाय, रिन्स, अव्हॉइड, स्टोअर. पण खरी मजा दाव्यांत. 'रिड्यूसेस रिंकल्स' असं सहसा लिहिलेलं नसतं. 'हेल्प्स रिड्यूस दि अपिअरन्स ऑफ रिंकल्स' असं असतं. मी ते फळ्यावर लिहिते आणि एकेक शब्द पुसायला लावते. 'हेल्प्स' पुसला तर काय होतं? 'अपिअरन्स' पुसला तर? मुलांना कळतं की कंपनीने सुरकुत्या जातील असं म्हटलेलंच नाही. त्या कमी दिसायला मदत होईल एवढंच म्हटलंय. 'अप टू 24 अवर्स'मध्ये एक तासही बसतो. ज्या मुलाला उताऱ्यावरच्या प्रश्नात कधी रस वाटला नाही, तो खोकं उलटंपालटं करून तिसरा पळवाटी शब्द शोधतो.

अशाच एका तासाला एका मुलीने खोकं वर केलं आणि विचारलं, "टीचर, फेअर म्हणजे गोरी. मग अनफेअर म्हणजे?"

वर्ग हसला. ती हसत नव्हती. तिचा रंग सावळा होता आणि तिने ते खोकं घरून आणलं होतं, म्हणजे त्यातलं क्रीम घरात कुणीतरी वापरत होतं.

मी त्या दिवशीचं नियोजन बाजूला ठेवलं. फळ्यावर 'फेअर' लिहिलं आणि शब्दकोश उघडले. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता सुंदर, डोळ्यांना सुखावणारं. रंगाचा त्यात संबंध नव्हता. फेअर वेदर म्हणजे छान हवा. फेअर कॉपी म्हणजे खाडाखोड नसलेली, स्वच्छ उतरवलेली प्रत. न्याय्य हा अर्थ जडला, फेअर प्ले त्यातून आलं. केस आणि त्वचा उजळ असणं हा त्यात नंतर मिळालेला अर्थ, आणि ज्या समाजात उजळ रंगाला सुंदर मानलं गेलं तिथे दोन अर्थ एकमेकांना चिकटून बसले. मग मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. अनफेअर म्हणजे अन्याय्य, आणि एका रंगाला सुंदर हा शब्द देऊन टाकणं हे अनफेअर आहे. इतकं सरळ मी वर्गात क्वचित बोलते. मला मुलांनी स्वतः शोधलेलं जास्त आवडतं. पण काही वेळा मोठ्या माणसाने ते स्पष्ट शब्दांत म्हणावं लागतं.

त्या दिवसापासून सकाळी आरशासमोर उभी राहते तेव्हा मला माझ्या चेहऱ्याची जबाबदारी वाटते. मी माझ्या त्वचेपेक्षा उजळ फाउंडेशन लावत नाही, एक छटाही नाही. चाळीस मुलं दिवसातला इतका वेळ माझ्याकडे बघतात. माझ्या मानेचा रंग एक आणि चेहऱ्याचा दुसरा असेल तर 'फेअर'वरचा तो तास मी फुकट घेतला.

नखांवर हल्ली मी गडद रंग लावते, त्यालाही कारण आहे. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने 1970च्या दशकात वर्गांतल्या तासांचं ध्वनिमुद्रण करून पाहिलं, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद किंवा त्याहून कमी थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलं बोलायला लागतात. परक्या भाषेत तर हे अधिकच लागू, कारण मूल आधी प्रश्न समजून घेतं, मग उत्तर आपल्या भाषेत शोधतं, मग ते इंग्रजीत बसवतं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण उभं राहून काढायला फार मोठे असतात. म्हणून मी हात समोर धरते आणि अंगठा एकेका नखावर टेकवत जाते. एक, दोन, तीन. मुलांना आता माहीत झालंय की अंगठा तिसऱ्या बोटावर पोचेपर्यंत कुणी बोलायचं नाही. गडद नखं मागूनही दिसतात. जो मुलगा पूर्वी "येत नाही" म्हणून खाली बसायचा, तो माझ्या बोटांकडे बघत उभा राहतो आणि तिसऱ्याला तोंड उघडतो.

आणि कानातले. इंग्रजीत विशेषणं एकापुढे एक लावली की त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी आपलं मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ, कशाचं बनलंय. जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्यांना हा नियम सांगता येत नाही, पण 'ग्रीन लव्हली ग्लास ओल्ड' ऐकलं तर त्यांचे कान दुखतात. मी हा धडा कानातल्यांवर शिकवते. दर सोमवारी वेगळी जोडी, मुलांनी आत येताच वर्णन लिहायचं. लांब चांदीची, लहान लाकडी, त्रिकोणी पितळी. क्रम पाठ करायला मी कधी सांगितलं नाही.

माझी सगळ्यात लाडकी जोडी हिरव्या काचेची होती, आजीची. गेल्या वर्षी मधल्या सुट्टीनंतर हात कानाशी गेला आणि एका बाजूला काही नव्हतं. मी काही बोलले नाही, पण मुलांनी पाहिलं असावं. शेवटच्या तासाला वर्गाच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता, वहीचं पान, रेघा आखलेलं, अक्षर त्याच 'अनफेअर'वालीचं.

'लॉस्ट: वन ब्यूटिफुल लिटल ओल्ड राउंड ग्रीन ग्लास इअररिंग. इफ फाउंड, प्लीज गिव्ह टु अवर टीचर. शी इज ओन्ली वेअरिंग वन.'

कानातलं सापडलं नाही. एकटं उरलेलं मी आरशांच्या खणात ठेवलंय, त्या कागदात गुंडाळून.